नसीमची ठेव

२२ ऑगस्ट
शेजारची नसीम आली. निंदणाच्या मजुरीतले दोनशे हातात कोंबले. सना बारावीला आहे. पोरीला नर्सिंगला घालायचं म्हणून वर्षभर माझ्याकडेच ठेवते. बँकेत खातं आहे तिचं, पण "मेसेज त्याईच्या मोबाइलवर येते ना ताई. पैसा दिसला का निंघते खर्च." नवऱ्याला, करीमभाईंना, कळू द्यायचं नाही. परत शपथ घातली. डबा ज्वारीच्या कोठीत.

५ सप्टेंबर
भरदुपारी करीमभाई दारात. आत आले नाहीत. "भाभी, नसीमनं काही ठेवलं हाय का तुमच्यापाशी? असंन तं उद्या फवारणीले जात नाही. मागच्या बारीले लय गरगरलं."
नाही बा, म्हटलं. पटकन म्हटलं. बरं म्हणाले, पाणीही न घेता गेले.

६ सप्टेंबर
गेले फवारणीला. बीटी कपाशी यंदा माणसाच्या डोक्यावर गेली, औषध तोंडावरच उडतं. तोंडाला नुसता रुमाल.

७ सप्टेंबर
काल शेतातच पडले. उलट्या, डोळ्यांना दिसेना. बुलढाण्याला नेलं. मी तेव्हा घरी शेंगा निवडत…

८ सप्टेंबर
नसीम पैशाला आली. सगळा डबा पुढे केला. निम्मेच घेतले. "सनाचे राहू द्या ताई." करीमभाई येऊन गेले होते हे सांगायला तोंड उघडलं, आणि चहा घेतेस का विचारलं.

११ सप्टेंबर
जेवण जात नाही. ह्यांना सांगितलं. म्हणाले, तू शब्द पाळला, तुझं काय चुकलं? पण आपल्या घरातले दोनशे देता आले असते की. तिचे नाही, माझे. तेव्हा सुचलंच नाही. की सुचलं होतं?

१५ सप्टेंबर
करीमभाई घरी आले. डावा डोळा अजून धूसर. मी वरणभात घेऊन गेले. नसीम आत चुलीपाशी. ते हळू आवाजात, "भाभी, मी तुमच्याकडं आल्तो ते तिले सांगू नका. तिले वाटंन, पोरीच्या पैशाच्या मागं होतो."
मी मान हलवली. त्यांना दिसली की नाही कोण जाणे.
तेच पुढे म्हणाले, "होते ना पण तुमच्यापाशी?"
तेवढ्यात नसीम चहा घेऊन बाहेर आली. "काय होते?"