गळ्यावरचा बिब्ब्याचा डाग

माय, तुले नागपूरवरून उर्वशीचा दंडवत.

पहिले हे ऐक, माया गळ्यातली गाठ निघाली अन् मी ठणठणीत आहो. डॉक्टरीण बाईनं दोन दिवस बोलाचं नाई म्हटलं, म्हणून फोन न करता चिठ्ठी लिहून राह्यली. आपल्या शेजारचा धनराजभाऊ उद्या सिंदेवाहीले वापस येते, तोच वाचून दाखवीन.

गाठ कॅन्सरची नाई दिसत. जन्माच्या आधीची एक नळी गळ्यात राहून गेली होती म्हणे, तिच्यात पाणी भरलं. मी जीभ बाहेर काढली का गाठ वर चढे! शिकाऊ डॉक्टरायनं येऊन येऊन मले जीभ काढाले लावली. एवढी जीभ मी सासूलेही नाई दाखवली.

रिपोर्ट आठ दिवसानं येते. बाई म्हणते, भेवाचं काई नाई. धान निसवलं काय, लोंब्या आल्या काय? तू जेवतं ना बराबर?

गळ्यावरचा काळा डाग कायचा, असं बाईनं पुसलं होतं. चुलीवर पोळलं म्हणून सांगतलं, तुयं नाव नाई घेतलं. गाठ बसावी म्हणूनच तू बिब्बा लावला होता ना. कातडी जळली तेव्हापासून तू माया गळ्याकडे पाहतच नाई.

माय, बाईनं त्या डागावरूनच चीर घेतली. गाठीसंगं डागाचं कातडंही काढून टाकलं. आता मी घरी आली का माया गळ्याकडे पाहजो.

तुयी,
उर्वशी