अक्काचं दुसरं नाव

तीर्थस्वरूप नाना,

तक्रार गंभीर आहे, तेव्हा जरा सावरून बसा. मृत्युपत्रात 'माझ्या भाच्यास प्रेमपूर्वक' म्हणून तुम्ही जो अडकित्ता ठेवलात, तो सुपारी कापत नाही, बोट कापतो! अंगठ्याला चिंधी बांधून मी वर्गात विभक्ती शिकवतोय. मुलं विचारतात, "सर, काय लागलं?" काय सांगू? वारसा लागला?

पण अडकित्त्यासाठी कुणी गेलेल्या मामाला पत्र लिहीत नाही. आज धुळ्याहून जळगावला परत येताना एसटीत ठरवलं, की हे तुम्हालाच ऐकवायचं. मला मृत्युपत्राचा एक्झिक्युटर केलंत तुम्हीच ना? "तू संस्कृत शिकलेला, तुला कागद कळतील." नाना, संस्कृताचा आणि बँकेचा काय संबंध होता हो?

काम तसं सोपं होतं. तुमची जन्माची ठेव तुमच्या बहिणीला, आमच्या अक्कामावशीला द्यायची. ठेवीवर वारस म्हणून तिचंच नाव, मृत्युपत्रातही तिचंच. यमुना. अक्काला नवं लुगडं नेसवून मी बँकेत घेऊन गेलो. काउंटरवरच्या मुलीने ठेवीची पावती पाहिली, आधार कार्ड पाहिलं, आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "मावशी, या यमुनाबाई कुठं असतात?"

"मीच शे ना!"

"पण तुम्ही तर शोभाबाई."

अक्काने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "पोरी, मी मना भाऊनी बहीण शे. आखो कोन राहू?"

बँकेत हसले सगळे. मीही हसलो. तेव्हा हसता येत होतं.

तुम्हाला माहीत होतं, नाना. लग्नात पिंपळनेरच्या त्या मांडवात ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'शोभा' लिहिलं गेलं, तेव्हा तुम्ही तिच्या शेजारीच उभे होतात. नवरा गेला, सासरच्यांनी तिला एका पत्र्याच्या पेटीसकट परत पाठवलं, आणि त्या दिवशी तुम्ही दारात उभं राहून सांगितलंत, की त्या घराचं नाव या घरात निघणार नाही. नाही निघालं. आखाजीला, अक्षय तृतीयेच्या सणाला, कडुनिंबाला झोका बांधायचात तुम्ही, केस पिकलेल्या बहिणीसाठी! "बस यमुना!" अशी हाक मारायचात, ती गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायची. मी पोटभर कैऱ्या खाऊन ते बघत बसायचो. वाटायचं, भाऊ असावा तर असा.

पण रेशनकार्ड सासरचं, त्यावरून आधार, म्हणून तिथे ती शोभाच राहिली. तुम्ही ते कधी बदलून घेतलं नाहीत. का? "कागदाला काय कळतं!" हे म्हणणारे कोण? कचेरीत जन्मभर कारकुनी करून, नावात मेळ नाही म्हणून लोकांचे अर्ज परत पाठवणारे आमचे नाना! गंमत बघा, तांदळावर लिहिलेलं नाव टिकलं आणि तुम्ही शाईनं लिहिलेलं अडलं.

बँकेने शाळेचा दाखला मागितला. अक्का शाळेत गेली होती कधी? गल्लीतले साक्षीला यायला तयार आहेत, पण बँकेला गल्ली चालत नाही. मी मुलांना शिकवतो, नाम आणि रूप वरवरचं, तत्त्व एक. बँकेत उलटं आहे. तत्त्व खुर्चीवर पाय हलवत बसलेलं, आणि नामापाशी अडलेलं.

वकील म्हणाले, कोर्टातून होईल, पण वेळ लागेल. लवकर हवं असेल तर सासरच्या कुणीतरी लिहून द्यावं, की लग्नात नाव बदललं, बाई एकच. हे ऐकून अक्का बँकेच्या पायरीवरच थांबली. "त्या दारशी जावानं नही. तुले मना भाऊनी आन."

तुमची शपथ, नाना! तीच मी मोडली. तिला न सांगता जामनेरला गेलो. तिचा दीर आता तिथे असतो, बरा सधन आहे. चहा दिला. मग म्हणाला, "सही देऊ की. पण तुमच्या नानांनी चारचौघांत सांगितलं होतं, या घरचं नाव काढणार नाही म्हणून. आता कसं काय निघालं, मास्तर?"

तुम्ही सांगा, तुम्ही काय उत्तर दिलं असतंत? चहा संपवून सही न घेताच उठलो.

एकदाच, कागदापुरतं, 'यमुना ऊर्फ शोभा' एवढं लिहिलं असतंत तर काय बिघडलं असतं? तुमचा मान राहिला, नाना. त्याचं भाडं अक्का भरतेय. घरमालकाला द्यायला आता ती दुसऱ्यांचे उडदाचे पापड लाटते. या वयात. मी पैसे पुढे केले, तर म्हणाली, "तुना नको. मना भाऊना दे."

आणि शेजारची बाई तिला सांगून गेलीय, की एक्झिक्युटरने सही केली की पैसे लगेच मिळतात, उशीर कसला? अक्काला हे पटलंय. का पटू नये? जिवंत बाईला बँक ओळखत नाही, यापेक्षा भाचा लबाड, हे समजायला सोपं आहे. आणि जामनेरला जाऊन आलो, हे तिला सांगू कोणत्या तोंडाने?

वचन देतो. मी पुन्हा जामनेरला जाईन. त्या ओसरीवर तुमच्या वतीने ते नाव मोठ्याने घेईन, पाया पडावं लागलं तर पडेन, सही आणेन. कोर्टाचीही वाट धरून ठेवलीय. तुम्हाला राग येईल, तो तिथेच गिळा.

पण नाना, खरं सांगतो. तुमच्या कपाटाची किल्ली वर्षानुवर्षं खुंटीवर असायची. आज मी धुळ्याला दारात आलो, तशी अक्काने पिठाच्या हाताने ती काढली आणि कमरेला खोचली. मग विचारलं, "चहा लेस का?"

ती पिकलं पान आहे. मला चोर समजूनच ती गेली, तर? एवढीच भीती वाटते.

तुमचा भाचा,
वसंता