हेल्मेट काढलं त्याबद्दल

आदरणीय बाबा,

तुमाले अन् मायले जयभीम. मी बरा आहो, जेवण चांगलं भेटते. देवळीले कापूस वेचून झाला का? आपली लहानी काजल सावंगीले कॉलेजात जाऊन राह्यली ना?

आमची केंद्रीय दलाची तुकडी दिल्लीच्या हुकमानं इथं आली. इथलं राज्य सरकार म्हणते, कायदा-सुव्यवस्था आमचं काम, तुमाले कोणी बोलावलं? त्यायचे पोलीस परवा निघून गेले. आता रस्त्यावर एका बाजूनं आमी, दुसऱ्या बाजूनं आमचा रस्ता अडवणाऱ्या गावच्या बाया, मधात कोणीच नाई.

काल एका म्हातारीनं कागद काढून मोठ्यानं वाचला. भाषा मले समजत नाई, पण 'भारत' ऐकू आलं, अन् विहारात वाचताना तुमी जिथं दम घेता, तिथंच तिनं घेतला. संविधानाची उद्देशिका होती. आपल्या विहारात ती सुरू झाली की सारे टोपी काढून उभे राह्यतात. बाबा, माझा हात आपोआप वर गेला अन् मी हेल्मेट काढलं. साऱ्या रांगेत एकट्यानं.

बायायनं पाह्यलं, साहेबानंही पाह्यलं. साहेबाचंच जास्त भेव वाटते. मायले पत्र वाचून दाखवान तवा हेल्मेटाचं गाळून टाकजा.

उद्या तिथंच ड्युटी आहे, अन् ती म्हातारी येईनच. दगड आला तर ढाल आहे. हात पुन्हा वर गेला तर काय करू, तेवढं लवकर कळवजा.

तुमचा,
रत्नदीप