आत्याचा आकडा आणि तुझा डावा गुडघा

स्वीटगम, मिसिसिपी
रविवार, चर्चमधून आल्या आल्या

चि. टकर,

आशीर्वाद. (आज जरा हात आखडूनच देतेय. का ते पुढे कळेल.) तब्येत बरी असेलच. खोलीतला हीटर दुरुस्त झाला का? जेवतोस ना वेळेवर? आणि गुडघा कसा आहे? डावा. कुठला म्हणून विचारू नकोस, काल अख्ख्या मिसिसिपीने तो टीव्हीवर पाहिलाय.

तुझी आजी गेल्यापासून थँक्सगिव्हिंगचं जेवण माझ्याकडे होतं. यंदा तुझ्या मायर्टिस काकूच्या मनात आलं की आता तिची पाळी. भावजय पडली, तोंडावर नाही म्हणवेना. पण तिची टर्की तू खाल्ली आहेस. (म्हणजे चावली आहेस. गिळलेली कोणी पाहिली नाही.) शेवटी पार्लरवाल्या लोरेटाने तोड काढली. तिच्याकडे गुरुवारी आम्ही बायका केस सेट करायला बसलो की शनिवारच्या कॉलेज फुटबॉलच्या सामन्यांवर आकडे लावतोच, तेव्हा आम्हा नणंद-भावजयीत जिचे जास्त आकडे बरोबर येतील तिच्या घरी जेवण. आता आकडा म्हणजे काय हे तुला सांगायला नको, पण तुला ते ठाऊक असतं तर कालचं घडलं नसतं, म्हणून सांगतेच. सट्टेवाले म्हणाले, तुमचं कॉलेज साडेसतरा गुणांनी भारी. म्हणजे ज्याने तुमची बाजू घेतली, त्याला तुम्ही नुसते जिंकून उपयोग नाही, निदान अठरा गुणांनी जिंकायला हवं. सतरांनी जिंकलात की तिकडे मैदानात तुमचा बँड वाजतो आणि इकडे घरात आमचा.

मी तीन वर्षं तुझ्याच कॉलेजवर लावतेय, आकडा कितीही असो. घरचा पोरगा ज्या संघाच्या बाकावर बसतो (आणि तीन वर्षं नुसता बसतोच) त्याच्या विरुद्ध लावायला माझी जीभ रेटत नाही. मायर्टिसचं तसं नाही. ती आकड्याकडे बघते, नात्याकडे नाही, असं मी पार्लरभर सांगून आले होते. (हे लक्षात ठेव.)

तर काल आम्ही दोघी बरोबरीत आणि उरला फक्त तुमचा सामना. मी तुमच्या बाजूने, ती विरुद्ध. तेही माझ्याच सोफ्यावर बसून, माझ्याच उकडलेल्या शेंगा सोलत. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा तुम्ही सतरांनी पुढे आणि चेंडू त्यांच्या गोलरेषेपासून दोन यार्डांवर. तो हातात घेऊन रेषेपार घुसलं की आणखी सहा गुण, म्हणजे माझा आकडा पार. दोन यार्ड! चर्चच्या जेवणाला मी याहून जास्त गर्दीतून रताळ्याचा पाय (तो गोड, भट्टीतला) घेऊन जाते. आणि नेमकं तेव्हाच कोचने तुला मैदानात पाठवलं.

टकर, खरं सांगते, तुझ्या पाठीवर आपलं आडनाव दिसलं आणि मला आकडा, टर्की, काही म्हणता काही आठवेना. रडूच कोसळलं. तुझा बाप उभा राहिला तो बसायचं विसरला. आणि मायर्टिस? ती सोफ्यावर चढली! (बुटांसकट. डाग आहे.) बेंबीच्या देठापासून ओरडायला लागली, "ए ठोंब्या, बघतोस काय, घुस! घुस आत!" तू घुसला असतास तर तीच हरली असती, पण मेलीला भानच नव्हतं. मी म्हटलं, "अगं, तू विरुद्ध लावलंयस!" तर म्हणते, "खड्ड्यात गेला तो आकडा, आपला पोरगा आहे!"

आणि आपल्या पोराने काय केलं? चेंडू घेतला आणि गुडघा टेकला. मला वाटलं, पाय मुरगळला. मग पुन्हा टेकलास. वेळ संपली. हरलेल्या पोरांच्या डोक्यावर आणखी गुण मारायचे नसतात, गुडघा टेकून वेळ जाऊ द्यायची, ही रीत मला ठाऊक आहे. चांगली रीत आहे. आजी असती तर तिने तुझी दृष्ट काढली असती. पण दोन यार्ड रे! आज पाद्रीबाबा मला म्हणाले, किती भाविक मुलगा, जिंकतानाही गुडघ्यावर आला. मी हो म्हटलं. चर्चमध्ये कुठे वाद घालू?

असो. जेवण गेलं. मायर्टिसने अजून मला एकही पाककृती विचारलेली नाही, याचीच जास्त धास्ती आहे. तुझ्यावर मी चिडलेय आणि गुरुवारपर्यंत चिडूनच राहणार आहे. स्वेटर घालत जा.

तुझी
व्हर्लीन आत्या

ता. क. येत्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगला, काकूकडे दोन वाजता जेवण. तू बारालाच माझ्याकडे ये, मागच्या दाराने. मक्याच्या पावाचा भाजलेला चुरा, म्हणजे आपलं कॉर्नब्रेडचं ड्रेसिंग, आणि पीकॅन पाय तयार ठेवते. पोट भरलेलं असलं की तिकडे चावत बसायला धीर येतो. तुझा बाप साडेअकरालाच येतोय.

आणखी ता. क. पत्र खरं तर यासाठीच. फोनवर बोलले असते तर पुन्हा रडले असते. कालची ती पँट धुवायला टाकू नकोस. कोचच्या हातापाया पड, पण घेऊन ये. डाव्या गुडघ्यावर गवताचा हिरवा डाग पडलाय, मी स्वतः पाहिला. (धुतली गेली असेल तर येताना पुन्हा गवतात टेकून आण, तुला आता सवय आहे.) मला ती काचेत घालून बैठकीत, आजीच्या फोटोशेजारी लावायचीय. मायर्टिसने कालच फ्रेम आणलीय, स्वतःच्या बैठकीसाठी. तिचा फोन येईल, उचलू नकोस. तिने जेवण जिंकलंय. गुडघा माझा.