हिरीजवळून गेलेली रेघ

बा, काल पुन्हा एका गावात विहिरींची अंतरं मोजून आले. आमची कंपनी तिथं जमिनीतून वायू काढणार आहे, आणि त्यापायी पाण्याची, मातीची नासाडी होऊ नये हे बघणं माझी नोकरी आहे. गावकऱ्यांच्या सुनावणीत एक म्हातारी उठून म्हणाली, "बाई, हादऱ्यानं आमचं पाणी गेलं तर?" मी कागदावरचं उत्तर वाचून दाखवलं, की पाहणी होईल, दुसरी सोय होईल. वाचता वाचता माझीच जीभ कोरडी पडली. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

नामांतराच्या जाळपोळीनंतरचा उन्हाळा होता तो. वस्तीतली घरं नव्यानं शाकारलेली, गाव आपल्याशी बोलत नव्हतं, कुणी कामाला बोलवत नव्हतं. अशात जिंतूरच्या रस्त्याला तेल शोधणाऱ्यांचा तळ पडला आणि तुला तारा वाहायचं काम मिळालं. शेतात बारीक भोक पाडायचं, त्यात सुरुंगाची दारू ठासून उडवायची, आणि जमिनीत गेलेला हादरा तारांनी टिपून खाली तेल आहे का ते ओळखायचं. घरी आलास की मायला हे हातवारे करून सांगायचास. लय खूश होतास. मग एक दिवस लाल झेंड्यांची रेघ पाटलाच्या मळ्यापाशी आली, पाटील तळावरच्या साहेबांशी काही बोलले, आणि रेघ वळली. वळली ती थेट आपल्या वस्तीच्या विहिरीकडं. मी तुझी भाकर घेऊन आले होते. डोक्यावरचं तारांचं वेटोळं तू खाली ठेवलंस. "साहेब, आमाला येवढी एकच हीर हाय. जरा लांबून घ्या की." नकाशातून मान वर न काढता साहेब म्हणाले, "रेघ सरळच जाते." "मग तिकडं कशी वळली?" त्यांनी नकाशा गुंडाळला. संध्याकाळी तुझं काम गेलं.

बार उडाला. दुसऱ्या दिवशी माय पोहरा सोडते आणि तो तळाच्या कोरड्या दगडावर खरडतो. तो आवाज अजून अंगावर येतो. तू साहेबांच्या तळावर गेलास आणि उन्हाळ्यात पाणी आटतंच, एवढं ऐकून परत आलास. माय गावातल्या विहिरीपासून लांब, घागर घेऊन उभी राहिली, कुणीतरी ओतेल म्हणून. ऊन डोक्यावर आलं, बाया भरून निघून गेल्या, कुणी ओतलं नाही. ती रिकामी घागर घेऊन आली तेव्हा तू पहार उचललीस. "हिरीचा तळ फोडतो. खाली असंल पाणी." माय म्हणाली, "बारानं दगड हाललेत, उतरू नगा." "लेकरं तहानेनं रडायलेत. काय पाजू त्यांला?"

तू उतरलास, आणि बाजूचा थर सुटून तुझ्या अंगावर आला. वस्तीतल्या माणसांनी दगड सारून तुला वर काढलं. गावात बैलगाडी मागितली, मिळाली नाही. मेंढ्या राखणारे धनगर मामा आपली गाडी जुंपून घेऊन आले. जिंतूरच्या दवाखान्याच्या वाटेवर तळाची जागा लागली. तंबू उठून गेलेले, चुलींची राख तेवढी उडत होती.

पुढं मी शिकले, या नोकरीत आले, ते असली रेघ कुणाच्या विहिरीजवळून जाऊ नये म्हणून. पण ती कुणाच्या तरी विहिरीजवळून जातेच, आणि ती विहीर गावातल्या कुणाची असते हे मला नकाशा न बघताही कळतं. मी हरकत घेते. वरचे म्हणतात, रेघ ठरलेली आहे. आता माझ्यात त्राण उरलं नाही, बा.

हे तुला कुठं पाठवणार मी? पण एक सांगायचं राहिलंय. गाडीत तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. तू डोळे उघडून विचारलंस, "पाणी लागलं का गं?" मी म्हणाले, "लागलं बा. लय लागलं." तू डोळे मिटलेस, ते मिटलेसच.

न्हवतं लागलं, बा. थेंबभरबी न्हाई.