तव्यावरचा थेंब

नलू,

या तव्यावर भाकर नको टाकजो! आपल्या जुन्या जीपच्या ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा फेस दिसला, म्हणून तवा तापवून त्याच्यावर ऑइलचा थेंब टाकला. चर्रर्र वाजला, म्हणजे आत पाणी! मले वाटलं, गेलं इंजिन. पण कैलास मिस्त्री हासालेच लागला. "रेडिएटरचं पाणी जराबी कमी नाई, भाऊ, म्हणजे ते इंजिनात झिरपलं नाई. गाडी घर ते वावर, इतकीच फिरते. इंजिन पुरतं तापतच नाई, मंग ओल आतच राह्यते. ऑइल बदला अन् लांब न्या."

ऑइल बदलाले गेलो. जे गाडी जपण्याच्या नादात तुले माहेरी नेलं नाई, ते न नेल्यानंच बिघडली! तयार राह्यजो, आजच हिंगणघाटले जाऊ. नवा तवा तुह्या आईच्या पसंतीनं घेऊ.

रूपराव