मंगळवारचा एबो आणि शनिवारचं कार्ड

तीर्थरूप अमिसा मामांच्या पायाशी,

कुमासीहून तुमच्या भाच्याचा, एबोचा, नमस्कार पोचावा. तुमचा गुडघा कसा आहे, मामींचा खोकला गेला का, कोंबड्या कुणी चोरल्या त्याचा तपास लागला का, आणि कपाटावरचा कप अजून तसाच चकाकतो ना, हे सगळं आधीच विचारून घेतो. गेल्या खेपेला मी फोनवर थेट मुद्द्याला हात घातला तेव्हा तुम्ही म्हणालात, गॅरेजात राहून पोराची रीत गेली. म्हणून आज रीतीनं चाललोय. होडी अजून वाळूवरच पडून असेल तर तिलाही माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, आता फार दिवस नाहीत, तुझ्या इंजिनाची सोय झाली. (म्हणजे झाल्यासारखीच आहे. तेच लिहायला बसलोय.) तुमचा चष्मा समुद्रात पडल्यापासून पत्रं मामीच वाचून दाखवतात हे मला ठाऊक आहे. तेव्हा मामी, कंसातलं काही तुमच्यासाठी असेल, ते मनातल्या मनात वाचा.

फोन सोडून पत्र का, असं मामा विचारतील. तर मामा, फोनवर गुपित बोलायचं नाही हे मी अलीकडे शिकलोय, आणि ज्यांनी शिकवलं ती माणसं साधी नाहीत. आपल्या गावातून, बिरिवातून निघालो तेव्हा मला वाटायचं, जगात सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे समुद्र. कुमासीत आलो, ही हजारो मोडक्या गाड्यांची वसाहत बघितली, मास्टर अडुसेईंच्या हाताखाली वेल्डिंग धरलं, आणि वाटलं समुद्रानंतर हेच. पण आता सांगतो, या दोन्हींपेक्षा मोठं काहीतरी माझ्या खिशातल्या फोनात राहतं, आणि ते मला ओळखतं.

झालं असं. दुपारच्या सुट्टीत मी गॅरेजसमोरच्या आंटी सेरवांच्या टपरीवर मक्याचं केंके आणि तळलेली मासळी खात होतो. (मासळी इथं मिळते, पण तिला बघून रडू येतं. समुद्र सोडून इतकं आत आलेली मासळी म्हणजे माझ्यासारखीच.) फोनवर ते कॅसिनोचं चक्र असतं ना, ते फिरवायची मला सवय लागली होती, आणि मी स्वस्थ बसू शकत नाही हे तुम्ही जाणताच. उजवा हात मिरचीत बरबटलेला, म्हणून डाव्या बोटानं फिरवलं. आंटी ओरडल्या, ‘डाव्या हातानं नशीब मागतोस, तुझ्या आईनं हेच शिकवलं का?’ मी माफी मागायला मान वर केली आणि खाली बघतो तर चक्र थांबलेलं, पडद्यावर सोनेरी पाऊस. रक्कम लिहीत नाही, बसमध्ये पत्र कुणी फोडलं तर पंचाईत. एवढंच सांगतो की वाळूवर पडलेल्या एका होडीला नवं कोरं इंजिन बसेल, आणि ते बसवणाऱ्याला पोटभर जेवण. पहिला विचार तुमचाच आला मामा, खरं सांगतो. दुसऱ्यांच्या होडीवर रोजानं जाणारे तुम्ही, आणि स्वतःची होडी वाळूत.

पण पैसे दिसणं वेगळं, हातात येणं वेगळं. फोन म्हणाला, आधी तू कोण ते सिद्ध कर. त्याआधी खात्याला कुलूप घट्ट आहे का ते बघ, परवलीचा शब्द बदल. मी म्हटलं, माझा शब्द कुणाच्या बापाला सापडणार नाही. मास्टर अडुसेई गाडीखाली झोपले होते, तिथूनच म्हणाले, ‘तुझ्या मामाच्या होडीचं नाव असणार.’ मामा, तेच होतं. मी बदलून आपल्या फुटबॉल संघाचं ठेवलं, तर शेजारच्या रंगाऱ्यानं ब्रशही खाली न ठेवता ओळखलं. माझ्या मनात एवढ्या थोड्या गोष्टी आहेत आणि त्या सगळ्या गॅरेजला पाठ आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी मी असा शब्द ठेवला की तो मलाही आठवेना, तेव्हा मास्टर म्हणाले, आता जमलं.

वरून दुसरं कुलूप. दर वेळी आत शिरताना फोनवर एक नवा आकडा येतो, तो घालायचा आणि कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचा नाही. हे वाचून होतंय न होतंय तोच एका गोड आवाजाच्या माणसाचा फोन. म्हणे हेड ऑफिसातून बोलतोय मिस्टर एशून, अभिनंदन, आत्ता तुमच्या फोनवर एक आकडा आलाय तेवढा वाचून दाखवा. मला आयुष्यात कुणी मिस्टर म्हटलं नव्हतं मामा. मी वाचायला तोंड उघडलंच होतं. आंटी सेरवांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि त्याला म्हणाल्या, ‘बाळा, आवाजावरनं तू जेवलेला दिसत नाहीस. कुणाचा तू?’ तो म्हणाला, मॅडम, मी हेड ऑफिस. आंटी म्हणाल्या, ‘हेड ऑफिसला पण आई असते. काय करते ती? टोमॅटो विकते? कुठल्या बाजारात? आणि तिला माहीत आहे का तू दिवसभर फोनवर काय विकतोस ते?’ मग तो ‘सॉरी आंटी’ म्हणाला आणि फोन बंद झाला. मला त्या आकड्याच्या कुलपाचं जेवढं आश्चर्य वाटलं तेवढंच आंटींचं. कंपनीनं त्यांना नोकरीवर ठेवायला हवं.

मग चेहरा. सरकारी ओळखकार्डाचा फोटो पाठवला, आता म्हणे तुझं तोंड कॅमेऱ्यासमोर धर, डावीकडे बघ, हस, डोळे मिट. वेल्डिंगवाल्याला डोळे मिट म्हणून सांगावं लागत नाही, आमचे मिटलेलेच असतात. उघड म्हटल्यावर पंचाईत. पहिल्या खेपेला फोन म्हणाला, एकाहून जास्त चेहरे दिसतात. मागं वळून बघतो तर मास्टर, रंगारी आणि टायरवाला तिघंही माझ्या खांद्यावरून हसत उभे, तेही सांगितल्याप्रमाणे डावीकडे बघत. दुसऱ्या खेपेला म्हणाला, चेहरा नीट दिसत नाही. आंटींनी भांडी घासायच्या साबणानं माझं तोंड धुतलं. तिसऱ्या खेपेला मी एकटा, उन्हात, श्वास रोखून. आणि मामा, त्यानं मला ओळखलं. कार्डावरचा फोटो काढला तेव्हा मला दोन्ही भुवया होत्या. आता ठिणगीनं एक गेली, गालावर डाग पडला, वजन उतरलं. गेल्या ईस्टरला माझी सख्खी बहीण बसस्टँडवर मला न ओळखता माझ्याजवळून निघून गेली होती. आणि हे काचेचं एवढंसं भोक म्हणतं, हो, हा तोच. मी फोन खाली ठेवला आणि हात पुसले, चर्चमध्ये शिरण्याआधी पुसतात तसे.

पण ते तिथं थांबलं नाही. त्यानं माझ्या तोंडावरून वयाचा अंदाज केला, तिशीच्या पुढचा. (धुराचा परिणाम, मामी, काळजी नको.) आणि कार्डावर मी सतरा वर्षांचा. अठराच्या आतल्या पोराला खेळायला बंदी. खातं गोठलं. पैसे दिसतात, हलत नाहीत. कार्डावर मी सतराचा का आहे, हे मामा, तुम्हाला मी काय सांगू.

दुसऱ्या दिवशी एका बाईंचा फोन आला, म्हणे तुमच्या खात्याबद्दल बोलायचंय. मी आता शहाणा झालेलो. म्हटलं, मी नावसुद्धा सांगणार नाही, तुमची आई कुठल्या बाजारात बसते ते आधी सांगा. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, बरोबर केलंत, असंच करत जा, आता फोन ठेवा आणि कंपनीच्या पानावरचा नंबर तुम्ही स्वतः लावा. मी लावला, आणि तोच आवाज. यालाच सुरक्षा म्हणतात हे मला तेव्हा पटलं. ज्याला लपवायचं काही नसतं तो म्हणतो, मला तपासून घ्या.

आणि मामा, त्या निघाल्या आपल्याच किनाऱ्याच्या, विनेबाच्या. मला म्हणाल्या, ‘नाव एबो ना? आपल्याकडे वारावरून नाव पडतं, म्हणजे तुम्ही मंगळवारचे. मग मी तुमच्या कार्डावरची तारीख कॅलेंडरात मागं नेऊन बघितली, तर तो निघतो शनिवार. शनिवारचा मुलगा असता तर घरच्यांनी आटो म्हटलं असतं.’ मी म्हटलं, बाई, कारकुनाची चूक असेल. त्या म्हणाल्या, ‘मी आराबा. मीही मंगळवारची. माझ्यासमोर दुसऱ्या मंगळवारवाल्याला शनिवारी जन्माला घालू नका.’ यंत्राला जे चेहऱ्यावरून अर्धवट कळलं ते यांना नुसत्या नावावरून कळलं. मग त्यांनी एकच विचारलं, तुम्ही जन्मलात तेव्हा होड्या पाण्यात होत्या का? म्हटलं, नव्हत्या. आई नेहमी सांगते, मंगळवार, समुद्राचा विसाव्याचा दिवस, एक होडी पाण्यात नव्हती, सगळे पुरुष वाळूत जाळी शिवत बसलेले. माझं रडणं ऐकून अमिसा मामा धावत आले ते तोंडात जाळं शिवायची सुई धरूनच, आणि दुसरा कुणी असता तर नाव विचारलं असतं, त्यांनी सुई न काढता दातांतूनच ‘एबो’ म्हटलं. बाई हसल्या. कुठलं वर्ष, विचारलं. म्हटलं, ज्या वर्षी चर्चला नवी घंटा बसली. त्यांनी ते कुठूनसं शोधलं आणि म्हणाल्या, ‘म्हणजे तुम्ही बावीसचे आहात. माझी खात्री झाली. पण माझ्या साहेबांना घंटा ऐकू येत नाही, त्यांना शपथेचा कागद लागतो. आईकडच्या वडीलधाऱ्या माणसानं कोर्टात उभं राहून सांगावं की हा अमक्या वर्षी जन्मला. महिनाअखेरीपर्यंत. नाहीतर पोरानं खेळलेला खेळ म्हणून सगळं रद्द.’

तर असं आहे. एका यंत्रानं मला तिशीचा केलं, एका कार्डानं सतराचा, आणि एका बाईनं माझी खरी वर्षं मला परत दाखवली. मी रात्रंदिवस या तिघांचा विचार करतो आणि मास्टर माझ्यावर ओरडतात की सायलेन्सर उलटा जोडलास. सगळ्यांना माझा नमस्कार सांगा. आईला सांगा मी जेवतो. गुडघ्याला जपा.

तुमचा आज्ञाधारक,
एबो एशून

ता. क. मामा, आईकडचे वडीलधारे म्हणजे तुम्हीच. केप कोस्टच्या कोर्टात जाऊन शपथेवर एवढंच सांगायचंय की ज्या वर्षी बिरिवानं तेरा वर्षांखालच्या पोरांचा कप जिंकला, त्या वर्षी तुमचा सेंटर फॉरवर्ड सतरा वर्षांचा होता आणि सामन्याच्या सकाळी त्याची दाढी तुम्हीच केली होती. जन्मदाखल्यावर पाच वर्षं तुम्हीच कमी करवलीत, माझी तक्रार नाही, दोन गोल मारले ना मी. (मामी, इथं मामा उठून बाहेर गेले तर जाऊ द्या. परत आले की पुढचं वाचा.)

ता. क. दोन. मामा, कप जाईल याची भीती तुम्हाला वाटणार हे मी जाणतो. मामी तो दर रविवारी राखेनं घासतात, पाहुण्याला पाण्याआधी दाखवतात. मी बरेच दिवस हे पत्र लिहायचं टाळलं ते त्याचसाठी. पण आपला गोलकीपर त्याच सामन्यात मधल्या सुट्टीत स्वतःच्या पोराला कडेवर घेऊन उभा होता आणि पंचांनी पोराच्या गालाचा मुका घेतला, तेव्हा बाहेर कुणाला काही नवीन कळणार नाही. आणि होडी उभी राहिली तर गावात कुणी कपाकडे बघणार नाही.

ता. क. तीन. शपथ घेतलीत की कळवू नका, स्वतः कुमासीला या. खातं गोठलंय तेव्हापासून माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माझे पैसे जागच्या जागी आहेत. रोज उघडून बघतो, रोज तेवढेच. आजवर माझं काही इतकं जपलं गेलं नव्हतं, आणि ते चोरापासून जपलंय असं मला वाटत नाही. खातं उघडलं आणि मी एकटा असलो तर हे डावं बोट काय करेल ते मी सांगू शकत नाही. म्हणून खातं उघडेल त्या दिवशी तुम्ही शेजारी बसा, पैसे इंजिनवाल्याकडे जाईपर्यंत माझा हात धरून ठेवा, आणि मग नवा परवलीचा शब्द तुम्हीच घाला. मला सांगू नका. कपाचं नाव तेवढं ठेवू नका, ते मी पहिल्याच खेपेला ओळखेन.